टायटॅनियमच्या जाळीत रुजणारे हाड

थेरगाव परिसरातील कामगारांना लेथ आणि सीएनसी यंत्रे नवी नाहीत. धातूचा ठोकळा घ्यायचा आणि नको तो भाग छिलून काढायचा, ही त्या यंत्रांची रीत. कृत्रिम खुब्याची वाटी मात्र आता याच्या नेमक्या उलट रीतीनेही घडवली जाते. टायटॅनियमच्या मिश्रधातूची बारीक भुकटी पसरायची, लेसर किंवा इलेक्ट्रॉनच्या झोताने हवी तेवढीच वितळवायची आणि त्यावर पुढचा थर द्यायचा. एकेक थर मिलिमीटरच्या काही शतांश भागाएवढा. इटलीत २००७ मध्ये अशी वाटी रुग्णाच्या शरीरात बसवण्यात आली.

हा खटाटोप कशासाठी? सांधेरोपणात धातू मोडण्यापेक्षा तो सैल होण्याचे भय मोठे. दुसरी शस्त्रक्रिया पहिलीपेक्षा अवघड ठरते, कारण तोवर आधाराचे हाडच झिजलेले असते. भरीव टायटॅनियम हाडाच्या कठीण कवचापेक्षा पाच-सहा पट ताठ असते. भार धातूच पेलू लागला, की बिनकामाचे झालेले हाड शरीर हळूहळू शोषून घेते. सच्छिद्र जाळीमुळे हा ताठपणा उतरतो आणि हाडाला आत शिरायला वाट मिळते.

हाड टायटॅनियमला धरते, हे स्वीडनचे पेर-इंगवार ब्रॉनेमार्क यांना १९५२ मध्ये जवळजवळ अपघातानेच उमगले. सशाच्या हाडात बसवलेली टायटॅनियमची नळी त्यांना काढताच येईना!

याचे मर्म पृष्ठभागात आहे. धातूवरील ऑक्साइडच्या अतिसूक्ष्म थरावर प्रथम रक्तातील प्रथिने चिकटतात. त्यांना धरून अस्थिजनक पेशी पसरतात आणि पुढे तेथे कॅल्शियमचे क्षार साचतात. साधारण ३०० ते ६०० मायक्रॉनची छिद्रे सोयीची मानली जातात. त्याहून फार लहान छिद्रांत रक्तवाहिन्यांची वाढ खुंटते, फार मोठी असल्यास जाळीची ताकद घटते.

प्रयोगशाळेतील बशीत पेशी वाढल्या म्हणजे रुग्णाच्या खुब्यातही वाढतीलच, असे नाही. रोपण सुरुवातीच्या आठवड्यांत सुमारे १५० मायक्रॉनहून अधिक हलत राहिले, तर हाडाऐवजी तंतुमय ऊती तयार होते. धूम्रपान आणि आटोक्याबाहेरचा मधुमेहही हाड जुळण्यात अडथळा आणतात. शिवाय छिद्रांत अडकलेली न वितळलेली भुकटी पूर्णपणे काढावी लागते, आणि जाळी जितकी गुंतागुंतीची तितके हे काम किचकट.