ओढलेले फोल्डर गेले कोठे?

संगणक आता शहरापुरता राहिलेला नाही. वणी, पुसद, उमरखेडपासून घाटंजी, झरी जामणीपर्यंत आपल्या यवतमाळ जिल्ह्यातील विद्यार्थी शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटी पोर्टलवर भरतो. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, गुणपत्रिका, बँकेचे पासबुक ही सारी कागदपत्रे स्कॅन करून एका फोल्डरमध्ये ठेवावी लागतात. संस्थांच्या कार्यालयांतही सभासदांची यादी, वर्गणीचा हिशेब आणि सभांची इतिवृत्ते संगणकावर आली आहेत. अशा वेळी अर्जाची मुदत संपायला एक दिवस उरलेला असतो आणि नेमके तेव्हाच कागदपत्रांचे फोल्डर सापडत नाही. 'कालच तर येथे होते' असे आपण म्हणतो. बहुतेक वेळा ते पुसले गेलेले नसते. माऊसने ओढताना ते भलतीकडे पडलेले असते. हे कसे घडते, का घडते आणि घडल्यावर काय करावे, हे समजून घेण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

एका कृतीचे दोन अर्थ

माऊसचे डावे बटण दाबून धरायचे, फाईल किंवा फोल्डर ओढत न्यायचे आणि हव्या त्या जागी बटण सोडायचे, या कृतीला 'ड्रॅग अँड ड्रॉप' म्हणतात. आपण तिला 'ओढणे-सोडणे' म्हणू. झेरॉक्स कंपनीने १९८१ साली 'स्टार' नावाचा संगणक बाजारात आणला. त्याच्या पडद्यावर फाईल-फोल्डरची चित्रे होती, परंतु फाईल हलवण्यासाठी कळफलकावर एक कळ होती आणि तिची प्रत काढण्यासाठी दुसरी. त्यामुळे यंत्राला संशय नसे. पुढे ॲपल कंपनीच्या १९८३ च्या 'लिसा' व १९८४ च्या 'मॅकिंटॉश' या संगणकांनी चित्र माऊसने ओढून नेण्याची पद्धत रूढ केली. १९९५ च्या विंडोजपासून ती घराघरांत पोहोचली.

पद्धत सोपी झाली खरी, पण एक अडचण उभी राहिली. हलवणे आणि प्रत काढणे या दोन वेगळ्या गोष्टी आता एकाच कृतीने होऊ लागल्या. आपल्या मनात काय आहे हे यंत्राला कळत नाही. म्हणून ते एका ठरावीक नियमाने चालते. हा नियम ठाऊक नसणे हेच निम्म्या घोटाळ्यांचे कारण आहे.

नियम कोणता?

विंडोजचा नियम असा आहे : त्याच ड्राइव्हमध्ये ओढल्यास फाईल हलते, दुसऱ्या ड्राइव्हवर ओढल्यास तिची प्रत निघते. डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स सहसा सी ड्राइव्हवर असतात. म्हणून डेस्कटॉपवरून डॉक्युमेंट्समध्ये ओढलेले फोल्डर मूळ जागेवरून जाते. तेच फोल्डर डी ड्राइव्हवर किंवा पेन ड्राइव्हवर ओढले, तर मूळ जागेवर राहते आणि दुसरीकडे त्याची प्रत तयार होते.

हा नियम का, ते तलाठ्याच्या दप्तरावरून चटकन समजेल. शेत एका नावावरून दुसऱ्या नावावर होते तेव्हा जमीन जागची हलत नाही. फेरफाराची नोंद होऊन सातबाऱ्यावरचे नाव बदलते. एकाच ड्राइव्हमध्ये फाईल हलवताना असेच होते. मजकूर डिस्कवर होता तेथेच राहतो, फक्त तो कोणत्या फोल्डरचा ही नोंद बदलते. म्हणून मोठे फोल्डरही क्षणात हलते. दुसऱ्या ड्राइव्हचे दप्तर मात्र वेगळे असते. तेथे नुसत्या नोंदीने भागत नाही. सगळा मजकूर वाहून न्यावा लागतो. त्याला वेळ लागतो, मध्येच वीजही जाऊ शकते. म्हणून मूळ माल जागेवर ठेवून प्रत काढणे यंत्राला सुरक्षित वाटते.

या नियमातून दोन धोके निघतात. पहिला धोका संगणक केंद्रावरचा. विद्यार्थी आपले दाखले स्कॅन करून पेन ड्राइव्हवर ओढतो आणि 'माझ्या फाईल मी घेतल्या' अशा समजुतीने घरी जातो. प्रत्यक्षात त्याने प्रत घेतलेली असते. आधार कार्ड व पासबुकाचे चित्र त्या सार्वजनिक संगणकावरच राहते. म्हणून पेन ड्राइव्हवरील फाईल उघडून पाहावी, नंतर संगणकावरील मूळ फाईल पुसावी आणि रिसायकल बिनही रिकामे करावे.

दुसरा धोका कार्यालयातला. सभासद यादी सी ड्राइव्हवरून डी ड्राइव्हवर ओढली की दोन याद्या होतात. एक जण एका यादीत नवे पत्ते भरतो, दुसरा दुसऱ्या यादीत वर्गणी लिहितो. वर्षअखेरीस दोन्ही याद्या अपुऱ्या! म्हणून काम कोणत्या प्रतीवर करायचे ते ठरवून दुसऱ्या प्रतीच्या नावात 'जुनी' असे स्पष्ट लिहावे.

आपला हुकूम कसा द्यावा?

यंत्राच्या नियमावर विसंबण्याची गरज नाही. ओढताना कंट्रोल कळ दाबून ठेवली तर नेहमी प्रत निघते. शिफ्ट कळ दाबून ठेवली तर फाईल नेहमी हलते. ऑल्ट कळ दाबली तर फाईल न हलता तिचा केवळ शॉर्टकट तयार होतो. कळ दाबलेली असतानाच आधी माऊसचे बटण सोडावे, मग कळ सोडावी. बाणाजवळ दिसणारे चिन्हही पाहावे. अधिक चिन्ह दिसले तर प्रत निघणार आहे.

शॉर्टकट म्हणजे दारावरची पाटी, घर नव्हे. शॉर्टकट पेन ड्राइव्हवर नेला तर दुसऱ्या संगणकावर तो उघडत नाही, कारण मूळ फाईल घरीच राहिलेली असते.

सर्वांत खात्रीचा मार्ग म्हणजे उजव्या बटणाने ओढणे. बटण सोडताच 'येथे प्रत काढा, येथे हलवा, येथे शॉर्टकट करा, रद्द करा' अशा अर्थाची यादी समोर येते. नवशिक्या विद्यार्थ्यांनी हीच सवय लावून घ्यावी.

ॲपलच्या मॅक संगणकावर मूळ नियम तोच आहे. तेथे ऑप्शन कळीने प्रत निघते आणि कमांड कळीने दुसऱ्या ड्राइव्हवरही फाईल हलते. एक भेद मात्र लक्षात ठेवावा. त्याच नावाचे फोल्डर आधीच असेल तर विंडोज दोन्ही फोल्डरमधील फाईल एकत्र करते आणि समान नावाच्या फाईलबद्दल विचारते. मॅकवर 'रिप्लेस' निवडले तर जुने फोल्डर आतल्या सर्व फाईलसह जाते आणि नवे त्याची जागा घेते.

फोल्डर हरवले तर

पहिली गोष्ट, घाबरून इकडे-तिकडे क्लिक करू नये. लगेच कंट्रोल आणि झेड या कळा एकत्र दाबाव्यात. शेवटची कृती उलटते आणि फोल्डर मूळ जागी येते. संगणक बंद करण्यापूर्वी हे करावे.

तेवढ्याने काम झाले नाही तर शेजारची फोल्डर उघडून पाहावीत. हात हलला की फोल्डर बहुधा यादीतील वरच्या किंवा खालच्या फोल्डरमध्ये शिरते. तेथेही नसेल तर 'धिस पीसी' उघडून नावाने शोध घ्यावा. पूर्ण नाव आठवत नसेल तर आतील एखाद्या फाईलचे नाव द्यावे. रिसायकल बिनही पाहावे. मात्र पेन ड्राइव्हवरून पुसलेली फाईल सहसा रिसायकल बिनमध्ये जात नाही, ती थेट जाते.

दोन प्रती सापडल्या तर मूळ कोणती? विंडोजमध्ये प्रत काढली की 'तयार केल्याची तारीख' नवी पडते, पण 'बदल केल्याची तारीख' जुनीच राहते. ज्या प्रतीत शेवटचा बदल अलीकडचा आहे ती आधी उघडून पाहावी.

वनड्राइव्ह वापरणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. वनड्राइव्हचे फोल्डर संगणकावर असले तरी ते इंटरनेटवरील साठ्याशी जोडलेले असते. त्यातून फाईल त्याच ड्राइव्हवरील दुसऱ्या फोल्डरमध्ये ओढली तर ती साठ्यातूनही निघते आणि मोबाईलवर दिसेनाशी होते. अशा वेळी कंट्रोल कळ दाबून प्रतच काढावी.

ओढलेच जात नसेल तर

कधी याच्या उलट घडते. फाईल जागची हलतच नाही. तेव्हा पुढील क्रमाने तपासावे :

१. एस्केप कळ एकदा दाबून पुन्हा प्रयत्न करावा. अर्धवट राहिलेली जुनी ओढ त्यामुळे सुटते.

२. दुसरा माऊस लावून पाहावा. बटणाखालची कळ झिजली की बोट दाबलेले असतानाही ती क्षणभर सुटते आणि फाईल वाटेतच पडते. अशा माऊसने फोल्डर हरवण्याचा संभवही मोठा.

३. कंट्रोल, शिफ्ट व एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडावा, 'विंडोज एक्सप्लोरर' निवडून 'रीस्टार्ट' करावे. तरीही जमले नाही तर संगणक बंद करून सुरू करावा.

४. ज्या प्रोग्रॅममध्ये फाईल टाकायची तो 'ॲडमिनिस्ट्रेटर' म्हणून उघडला असेल तर साध्या खिडकीतून ओढलेली फाईल तो स्वीकारत नाही. हा बिघाड नसून विंडोज व्हिस्टापासून आलेली सुरक्षेची व्यवस्था आहे. प्रोग्रॅम बंद करून साध्या रीतीने उघडावा.

५. विंडोज ११ ही आवृत्ती २०२१ साली आली तेव्हा खालच्या टास्कबारवर फाईल ओढण्याची सोय काढलेली होती. २०२२ च्या मोठ्या सुधारणेत ती परत आली. संगणकावर पहिलीच आवृत्ती असेल तर ती अद्ययावत करून घ्यावी.

६. फाईल चार जीबीहून मोठी आणि पेन ड्राइव्ह 'फॅट ३२' पद्धतीचा असेल तर जागा मोकळी असूनही ती त्यावर जात नाही.

पोर्टलवर अर्ज भरताना तर ओढण्याच्या फंदात पडूच नये. चौकटीबाहेर फाईल सुटली तर काही ब्राउझर अर्जाचे पान सोडून ती फाईलच उघडतात आणि भरलेला मजकूर जाऊ शकतो. 'चूज फाईल' या बटणानेच फाईल निवडावी.

हात थरथरणाऱ्या ज्येष्ठांसाठी

क्लिक करताना हात थोडा जरी सरकला तरी विंडोज त्याला ओढणे समजते. त्यासाठी ठरलेले अंतर मुळात अवघे चार पिक्सेल, म्हणजे पडद्यावरचे चार ठिपके आहे. रजिस्ट्रीतील 'ड्रॅगविड्थ' आणि 'ड्रॅगहाइट' हे दोन आकडे वाढवले की चुकून ओढले जाणे थांबते. परंतु रजिस्ट्रीत चुकीचा बदल झाल्यास संगणक बिघडू शकतो. म्हणून हे काम जाणकाराकडूनच करून घ्यावे. कोणालाही करता येईल असा उपाय म्हणजे माऊसचा वेग कमी करणे.

ज्यांना ओढणे जमत नाही त्यांनी कळा वापराव्यात. कंट्रोल-सीने प्रत घ्यावी, कंट्रोल-एक्सने उचलावे आणि हव्या त्या फोल्डरमध्ये जाऊन कंट्रोल-व्हीने ठेवावे. कंट्रोल-एक्स दाबल्यावर फाईल फिकट दिसते, पण दुसरीकडे ठेवेपर्यंत ती मूळ जागीच असते. त्यामुळे वाटेत हरवण्याची भीती राहत नाही.

विद्यार्थी मित्रांनो, दाखला मिळवण्यासाठी आई-वडिलांनी मजुरी बुडवून तहसीलला हेलपाटे घातलेले असतात. त्या दाखल्याची स्कॅन प्रत एका जागी ठेवून निर्धास्त राहू नका. एक प्रत घरच्या संगणकावर, एक पेन ड्राइव्हवर आणि एक आपल्या ई-मेलवर ठेवा. तसेच मूळ फाईल पुसण्यापूर्वी नवी प्रत एकदा उघडून पाहा. वीज केव्हाही जाऊ शकते. अर्धवट गेलेली फाईल नावाने पूर्ण दिसते, पण उघडत नाही. आणि हे ज्याला समजले त्याने घरातील, शेजारच्या एका तरी माणसाला ते करून दाखवावे.