मजल्यावरचा विद्यार्थी-सल्लागार
अमेरिकेतील विद्यापीठांच्या वसतिगृहांत ‘रेसिडेंट अ‍ॅडव्हायझर’ म्हणून, म्हणजे एका मजल्यावरील विद्यार्थ्यांची देखरेख करण्यासाठी, त्यांच्याहून एक-दोन वर्षे पुढे असलेला विद्यार्थीच नेमला जातो आणि त्याचा मोबदला बहुधा मोफत खोलीच्या व अनेक ठिकाणी जेवणाच्या रूपाने मिळतो. भारतीय वसतिगृहातील रेक्टरचा दरारा वयातून आणि पदातून येतो. या विद्यार्थ्याला मात्र ज्यांच्या पंक्तीला बसायचे, त्यांच्याचविरुद्ध अहवाल लिहावा लागतो. रात्री तो मजल्यांवरून फेरी मारतो, किल्ली विसरलेल्यांना दार उघडून देतो आणि दिवा मालवण्याच्या वेळेवरून दोघा खोलीसोबत्यांचे जुंपले, तर सत्रारंभी त्यांनीच सही केलेला सहनिवासाचा करार त्यांच्यापुढे ठेवतो. मद्यप्राशनाचे किमान वय 21 असल्याने बाटली दिसल्यास कानाडोळा करता येत नाही. लैंगिक छळाची हकिगत कानी आली, तर ‘टायटल नाइन’ या 1972 च्या लिंगभेदविरोधी कायद्याच्या अनुषंगाने बहुतेक विद्यापीठांत ती वरिष्ठांना कळवावीच लागते, त्यामुळे गुप्ततेचे वचनही देता येत नाही. एवढा भार विशीतल्या मुलांवर टाकून त्याला नेतृत्वाचे शिक्षण म्हणणे विद्यापीठांच्या सोयीचे आहे खरे. परंतु मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या अ‍ॅमहर्स्ट येथील सल्लागारांनी 2002 मध्ये कामगार संघटनेच्या बाजूने कौल देऊन आपण कर्मचारीच आहोत, असे ठणकावले.