ई-सोर्ड अपडेट करताय? आधी हे वाचा

रिक मायर्स यांनी 2000 साली विंडोजसाठी आणलेलं ई-सोर्ड हे बायबल अभ्यासाचं सॉफ्टवेअर आजही फुकट आहे. पण कोणाच्या जुन्या कॉम्प्युटरवर अजून आठवी आवृत्ती असेल, तर जरा थांबा. नवव्या आवृत्तीपासून डेटाबेसच बदलला: 'बीबीएल' फाइल्सच्या जागी एसक्यूलाइटवर चालणाऱ्या 'बीबीएलएक्स' आल्या. त्यामुळे जुनी मॉड्यूल्स (बायबल, शब्दकोश वगैरेंच्या फाइल्स) नुसती कॉपी करून चालत नाहीत. ती नव्याने डाउनलोड करा किंवा रूपांतरित करून घ्या.

✅ सगळ्यात आधी आपल्या टिपणांचा बॅकअप पेनड्राइव्हवर घ्या. बायबल पुन्हा मिळेल, तुम्ही लिहिलेली उपदेशाची टिपणं मिळणार नाहीत.

✅ मराठी टिपणं जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये असतील तर आधी युनिकोडमध्ये आणा, नाहीतर शोध लागत नाही.

✅ इन्स्टॉल झाल्यावर 'केजेव्ही+' (स्ट्राँगचे क्रमांक असलेलं इंग्रजी किंग जेम्स बायबल) मध्ये योहान 3:16 उघडा. 'लव्ह्ड' शेजारी जी25 हा स्ट्राँगचा क्रमांक दिसला आणि त्यावरून 'अगापाओ' या मूळ ग्रीक शब्दाची नोंद उघडली, म्हणजे बायबल आणि शब्दकोश दोन्ही नीट बसले.

सगळं तपासून होईपर्यंत जुनं फोल्डर डिलीट करू नका. कोणाला अडलं तर कमेंटमध्ये विचारा!