चार गाळे, एक हजेरी

सकाळी ६.१०
भांडुपला सोनापूरच्या मागच्या गल्लीत गोडाऊनचं शटर अर्धं वर आहे. आत पिवळा बल्ब. बादलीत काथ्या भिजतोय. मामा रात्रीच घालून गेले होते. सुका काथ्या हात कापतो. ओला आवळला, की वाळताना गाठ आपोआप घट्ट होते.

मामा मंडपाचे कारागीर. पन्नाशीच्या आसपासचे, मूळचे पाटणकडचे. राहायला ठाण्यात, किसननगरला. चेकनाक्यापर्यंत पायी, तिथून दहा रुपयांची बस.

आज बुधवार, १४ जानेवारी २०२६. संक्रांत. उद्या मुंबई महापालिकेचं मतदान. २२७ प्रभाग, एक कोटीच्या वर मतदार. त्यातल्या चार मतदान केंद्रांचं छप्पर आज मामांच्या हातात आहे.

६.५०
टेम्पो भरतात. ताडपत्र्या, पडद्यांचे गठ्ठे, सहा उभे पंखे, दोन घोडे, हॅलोजन, वायरची वेटोळी. बांबू सोमवारीच जाऊन उभे राहिलेत. टेम्पोचं भाडं अठराशे, ते शेठ देणार. चहा कटिंग, चार ग्लास. तो मामांनी दिला.

"पौषात आम्ही बसून असतो," मामा म्हणतात. "लग्नं नाहीत. बांबू नुसते भिंतीला टेकलेले. या वेळी इलेक्शन पौषात आलं, बरं झालं."

मतदानाच्या तारखेकडे या नजरेनं पाहणारा माणूस मला पहिल्यांदाच भेटला.

७.४०
मुलुंड पूर्व, नवघर रोडच्या आत एक मैदान. खाली पेव्हर ब्लॉक. इथे खड्डा खणायचा नाही, खणला तर महापालिकाच दंड लावते. म्हणून प्रत्येक बांबूचं बूड रेतीनं भरलेल्या डब्यात. तेलाचे जुने पंधरा लिटरचे डबे. एका मंडपाला बेचाळीस लागले.

सांगाडा उभा आहे. आज छप्पर, आतल्या भिंती, दिवे, रॅम्प. मामांच्या हाताखाली तीन पोरं. त्यातलं एक नवीन, आठ दिवसांचं. त्याच्या पायात चप्पल. मामा काही बोलत नाहीत, गोडाऊनचे जुने बूट त्याच्याकडे सरकवतात.

८.३०
मामा घोड्यावर. कमरेला पक्कड, खांद्यावर काथ्याचं वेटोळं, दातात एक टोक. दोन बांबू जिथे एकमेकांना छेदतात तिथे तीन वेढे आडवे, दोन उभे, मग गाठ आत. एका गाठीला वीसेक सेकंद. तीसपर्यंत मोजल्या, पुढे सोडून दिलं.

ताडपत्री ओढताना वारा शिरतो. चौघांचं वजन कमी पडतं. मामा ओरडतात, "सोड, सोड, उडू दे!" ताडपत्री फुगते, बसते. मग एकदम चारही कोपरे.

कोपऱ्यांना मामा दुहेरी ताण देतात. पूर्वी एकच द्यायचे. २०२४ च्या मे महिन्यात, लोकसभेच्या मतदानाच्या आठवडाभर आधी, १३ तारखेला वादळ आलं आणि घाटकोपरला छेडानगरचं होर्डिंग पेट्रोलपंपावर कोसळलं. १७ माणसं गेली. मामा त्या दुपारी विक्रोळीत ताडपत्री बांधत होते. "आमचं कापडच फाटलं. पण २० मेपर्यंत मी रोज रात्री दोऱ्या तपासून यायचो."

११.२०
सोसायटीतल्या एक काकू ताटलीत तिळगूळ घेऊन येतात. मामा हात पँटला पुसतात, एक लाडू घेतात, अर्धा नव्या पोराला देतात. वर इमारतींच्या मधे दोन पतंग. पोरांच्या माना वर जातात. "मान खाली, हात वर," मामा म्हणतात.

दुपारी १.१०
जेवण. डबा मामांचाच, बाकीच्यांचा वडापाव. वीसचा एक. तिघांत सात.

हिशेब इथेच कळतो. मामांची हजेरी अकराशे, पोरांची आठशे. रात्री राखणीला थांबलं तर अर्धी हजेरी वर. २०१७ च्या २१ फेब्रुवारीला मागची महापालिका झाली, तेव्हा मामा सहाशेवर होते. नगरसेवकांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली, तेव्हापासून कारभार प्रशासकाकडे. मामांच्या भाषेत, "मधली पाच वर्षांची वारी चुकली."

मग भरपाई झाल्यासारखी रांग लागली. मे २०२४ लोकसभा, नोव्हेंबर २०२४ विधानसभा, आता ही. वीस महिन्यांत तीन मंडप.

मी विचारतो, तिन्ही एकदम घेतल्या तर?

मामा डब्याचं झाकण लावतात. "घेतल्या होत्या की दोन. ९९ ला."

सप्टेंबर १९९९. महाराष्ट्रात लोकसभा आणि विधानसभा एकत्र. मामा तेव्हा हेल्पर, नव्वद रुपये रोज. गणपती त्या वर्षी १३ सप्टेंबरला बसले आणि मतदान त्याच्या आधल्या दिवसांत. पाऊस चालू. शेठचे सगळे बांबू गणपतीच्या मंडपांत अडकलेले. "भिवंडीहून बांबू आणले, दीडपट भाड्यानं. तीन रात्री झोप नाही. माणसं एका रांगेत दोन मतं देऊन जात होती. आम्हाला हजेरी एकच."

२.००
आतल्या भिंती. मोठा मंडप चार गाळ्यांत तोडायचा, एकेका गाळ्यात एक केंद्र. प्रत्येकाला येण्याची वाट वेगळी, जाण्याची वेगळी. पडदा जमिनीपासून चार बोटंही वर राहता कामा नये. काल पाहणीला आलेला अधिकारी तसं बजावून गेला होता.

रॅम्प प्लायवूडचा. मामा त्यावरून रिकामी हातगाडी ढकलून पाहतात. एका जागी चाक अडतं. फळी काढतात, खाली दगडी चीप सरकवतात, पुन्हा ढकलतात.

३.४०
बेस्टची बस मैदानाशी थांबते. मतदान पथक उतरतं. यंत्रांच्या पेट्या, शिक्के, लाख, याद्यांचे गठ्ठे, पुठ्ठ्याचे मतदान कक्ष. सोबत पोलीस. तिसऱ्या गाळ्याच्या केंद्राध्यक्ष एक शिक्षिका आहेत, घाटकोपरहून आलेल्या. विधानसभेलाही त्यांची ड्युटी होती. खुर्चीवर बसायच्या आधी त्या दोन गोष्टी विचारतात: प्लग कुठे, आणि बायकांचं स्वच्छतागृह कुठे. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सोसायटीच्या वॉचमनकडे आहे.

मामा टेबल हलवून देतात. "या वेळी खोके कमी दिसतात, मॅडम."

"व्हीव्हीपॅट नाही ना. ते दिल्लीच्या आयोगाचं. ही निवडणूक राज्य आयोगाची." यादी मात्र विधानसभेचीच, प्रभागांप्रमाणे तोडलेली. त्यामुळे विधानसभेला शाळेत मत दिलेला माणूस उद्या या मंडपात येईल आणि आधी मॅडमवर चिडेल, हे त्यांना माहीत आहे.

मामा मुद्द्यावर येतात. सगळ्या एकत्र झाल्या तर या गाळ्यात किती मतं?

"मुंबईत तीन. खासदार, आमदार, नगरसेवक."

"आणि आमच्या ठाण्यात?"

मॅडम बोटं मोजतात. ठाण्यातही उद्याच मतदान आहे. राज्यातल्या २९ महापालिका एकाच दिवशी. पण तिथे एका प्रभागातून चार नगरसेवक, म्हणून एका मतदाराला चार मतं. त्यात दोन मिळवली. "सहा."

मामांचा चेहरा बदलत नाही. ते टेप काढतात. टेबल सहा फुटी. कक्ष एक असेल तर गाळा दहा बाय बारा पुरतो. टेबलं वाढली, माणसं वाढली, तर पंधरा बाय वीस. "म्हणजे बांबू दुप्पट. आणि सगळ्या महाराष्ट्राला एकाच दिवशी लागणार." टेप खटकन आत जातो. "आणणार कुठून?"

कोविंद समितीनं मार्च २०२४ मध्ये सुचवलं, की लोकसभा-विधानसभा एकत्र घ्याव्यात आणि स्थानिक निवडणुका त्यानंतर शंभर दिवसांत. त्याच वर्षी डिसेंबरात लोकसभेत विधेयक आलं ते फक्त पहिल्या भागाचं. मॅडम हे वर्गात सांगावं तसं सांगतात. मामांना शंभर दिवस हा शब्द आवडतो. तेच बांबू दोनदा वापरता येतील. अट एकच, पावसाळा मधे यायला नको.

सायंकाळी ५.१५
शंभर मीटरची रेघ. टेप तीस मीटरचा. तीनदा पूर्ण, मग दहा मीटर. नवीन पोरगा चुन्याची फक्की टाकत चालतो, रेघ नागमोडी होते. हवालदार हसतो, मामा नाही. झाडू मारून पुन्हा टाकायला लावतात.

रेघेपलीकडे दोन पक्षांचे कार्यकर्ते टेबलं मांडतायत. एकजण विचारतो, छत्री बांधून द्याल का? मामा एका पोराला धाडतात. दोनशे रुपये, रोख. पाच मिनिटांनी दुसऱ्या टेबलावरचा माणूस येतो. त्यालाही दोनशेच.

७.३०
गावाहून भावाचा फोन. साताऱ्याची जिल्हा परिषद कालच जाहीर झाली, मतदान फेब्रुवारीत. तिथे दोन मतं, एक जिल्हा परिषदेचं, एक पंचायत समितीचं. भाऊ विचारतो, इकडे मंडपाचं काम निघेल का? मामा म्हणतात, गावात शाळा आहेत, मंडप कोण घालतं.

रात्री ९.५०
पथक आत जेवतंय. पोरं भांडुपला परत गेली. मामा राखणीला थांबलेत, अर्ध्या हजेरीवर. सतरंजी रॅम्पच्या आडोशाला. डोक्यापाशी पक्कड आणि काथ्याचं उरलेलं वेटोळं.

उद्या साडेसातला मतदान सुरू. दहाला एक पोरगा बदली येईल, मग मामा नाका ओलांडून किसननगरला जातील. रिक्षा नाही करायची, तिचं कमीत कमी भाडं सव्वीस. चार बटणं दाबायची, जेवायचं, चारपर्यंत परत. साडेपाचला मतदान थांबेल. यंत्रं गेली, की पहिली गाठ सोडायची. बांबू परवा सकाळी कांजूरला हवेत, कुणाच्या तरी वास्तुशांतीला.

वारा सुटतो. मामा उठतात, पूर्वेच्या कोपऱ्यातली दोरी हातानं ओढून बघतात आणि परत आडवे होतात.