चांदी खरी की खोटी? घरच्या वजनकाट्यावर असं तपासा!

धनत्रयोदशीला घेतलेलं चांदीचं नाणं कपाटात जपून ठेवलंय ना? पण ते खरंच चांदीचं आहे का, हे कधी पाहिलंय? जर्मन सिल्व्हरही तसंच चमकतं. नावात सिल्व्हर असलं, तरी तो तांबं, निकेल आणि जस्त यांचा मिश्रधातू आहे. त्यात चांदी नसते.

डोळे फसतात, तिथे शाळेतलं एक सूत्र कामी येतं : घनता = वस्तुमान ÷ आकारमान. शुद्ध चांदीची घनता दर घन सेंटीमीटरला सुमारे १०.५ ग्रॅम असते, तर जर्मन सिल्व्हरची साधारण ८.६.

असं करून पाहा

१. डिजिटल काट्यावर नाण्याचं वजन करा.
२. पाण्याचा ग्लास काट्यावर ठेवून आकडा शून्यावर आणा.
३. नाणं बारीक दोऱ्याला बांधून पाण्यात पूर्ण बुडवा. दोरा हातातच धरा. नाणं तळाला किंवा कडेला टेकू देऊ नका.
४. आता काट्यावर दिसणारा आकडा म्हणजे नाण्याचं आकारमान!

हे कसं? नाण्याने जेवढं पाणी बाजूला सारलं, तेवढंच वजन काटा दाखवतो. १ ग्रॅम पाणी म्हणजे जवळपास १ घन सेंटीमीटर.

आता भागाकार

समजा, नाणं ५० ग्रॅमचं आहे आणि पाण्यात आकडा आला ४.८. ५० ÷ ४.८ म्हणजे १०.४. चांदीच्या अगदी जवळ! आकडा ५.८ आला, तर घनता ८.६. इथे शंकेला जागा आहे.

हे लक्षात ठेवा

* ५-१० ग्रॅमच्या नाण्यासाठी ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा काटा हवा.
* नाण्याला चिकटलेले हवेचे बुडबुडे झटकून टाका.
* खडे बसवलेल्या किंवा आतून बंद पोकळ दागिन्यांवर ही युक्ती चालत नाही.
* आकडा जुळला म्हणजे शुद्धतेची हमी मिळाली, असं नाही. शिसं चांदीपेक्षा जड आणि तांबं हलकं. दोन्ही मिसळून घनता जुळवता येते.

त्यामुळे शंका आली, तर सराफाशी वाद घालण्याआधी वस्तू मान्यताप्राप्त हॉलमार्किंग केंद्रात तपासून घ्या. आणि घरचा प्रयोग करताना मुलांना सोबत घ्या. भागाकार त्यांनाच करू द्या!