गल्ल्यावर दहाचं नाणं आलं की तुमचा माणूस काय म्हणतो?



मागच्या आठवड्याच्या व्हिडिओखाली एक प्रश्न बऱ्याच जणांनी विचारला. "सर, गिऱ्हाईक दहाची नाणी घेऊन येतं. घ्यायची की नाही?" व्हिडिओत मी एका वाक्यात उत्तर दिलं होतं, "घ्यायची." पण विषय एका वाक्याचा नाहीये. म्हणून आज सविस्तर लिहितोय. वही-पेन घेऊन बसा, शेवटी गृहपाठ आहे.

आधी माझीच एक चूक

प्रशिक्षणाच्या कामात येण्याआधी माझं स्टेशनरी आणि झेरॉक्सचं दुकान होतं, हे जुन्या प्रेक्षकांना माहीत आहे. जूनचा पहिला आठवडा, शाळा उघडलेल्या, दुकानात पाय ठेवायला जागा नाही. बाजारात भाजी विकणाऱ्या एक मावशी नातवंडांच्या वह्या घ्यायला आल्या. दरवर्षी यायच्या. बिल झालं तीनशे चाळीस. त्यांनी दोनशेची नोट दिली आणि रुमालाची गाठ सोडून दहाची चौदा नाणी काउंटरवर मांडली.

गल्ल्यावरचा मुलगा म्हणाला, "मावशी, ही चालत नाहीत. नोटा द्या."

त्या म्हणाल्या, "अरे, लोक मला हीच देतात."

"तुम्ही घेता, आम्ही नाही घेत."

मागे सात-आठ माणसं उभी. मावशींनी नाणी गोळा केली, दोनशेत बसतील तेवढ्या वह्या ठेवल्या, बाकीच्या परत केल्या आणि गेल्या. मी तिथेच होतो, फोनवर. ऐकलं सगळं, पण गर्दीत सोडून दिलं.

रात्री गल्ला मोजताना त्या मुलाला विचारलं, "का नाही घेतलीस?" तो खाली बघत म्हणाला, "मागच्या महिन्यात पाचशेची खोटी नोट आली, ते पैसे तुम्ही माझ्या पगारातून कापले. आता मी रिस्क घेत नाही."

मंडळी, ते नाणं त्या मुलाने नाकारलं नव्हतं. मी नाकारलं होतं, एक महिना आधी.

"चालत नाही" हे कुठून येतं?

गल्ल्यावर बसलेल्या माणसाचा विचार करा. त्याला रोज शेकडो वेळा पैसे घ्यायचे असतात. ओळखीची नोट आली की हात आपोआप चालतो. अनोळखी नाणं आलं की हात थांबतो. मागे रांग आहे, मालक बघतोय आणि चुकलं तर पैसे त्याच्या खिशातून जाणार. घेतलं तर तोटा त्याचा आणि नाकारलं तर तोटा दुकानाचा, जो त्याला दिसत नाही. मग तो काय करणार? "चालत नाही" म्हणून मोकळा होणार.

आणि तो संशय सगळ्यांवर सारखा नसतो, ही गोष्ट नीट बघा. गाडीतून उतरलेल्या साहेबांनी अनोळखी नाणं दिलं तर मुलगा म्हणतो, "अरे वा, नवीन आलंय का?" तेच नाणं मावशींच्या रुमालातून आलं की विचारतो, "हे कुठून आणलं?" आपण म्हणतो नाणं वाजवून घेतोय. खरं तर माणूस वाजवून घेत असतो.

एक नाणं, चार गल्ले

वीस रुपयांचं नाणं २०२० साली वापरात आलं, पण आजही ते हातात क्वचितच येतं. मी मुद्दाम काही नाणी जमवली आणि एका दिवशी चार ठिकाणी दिली.

चहाच्या टपरीवर मालकाने न बघता ते दहाचं समजून डब्यात टाकलं. मी सांगितलं तेव्हा त्याने ते शोधून काढलं, हसला आणि म्हणाला, "असे किती गेले असतील देवाला माहीत!"

बेकरीत काउंटरवरच्या माणसाने ते उलटसुलट केलं, परत माझ्याकडे सरकवलं आणि म्हणाला, "स्कॅन करा ना सर." हा नकाराचा नवा प्रकार. ऐकायला गोड, पण ज्याच्याकडे स्मार्टफोन नाही त्याच्यासाठी तो नकारच.

पेट्रोल पंपावर पोराने दुसऱ्याला हाक मारली, दुसऱ्याने तिसऱ्याला. तिघांनी बघितलं आणि शेवटी "राहू द्या, दुसरं द्या" म्हणाले. तोवर मागे चार गाड्या हॉर्न वाजवत होत्या.

औषधांच्या दुकानात मात्र एक मुलगी होती. ती म्हणाली, "काका, मी हे पहिल्यांदाच बघतेय. एक मिनिट, सरांना विचारते हं." आत गेली, परत आली, नाणं गल्ल्यात ठेवलं, बिल दिलं. वीस सेकंदही लागले नसतील. तिलाही नाणं माहीत नव्हतंच. पण माहीत नसलं की काय करायचं, हे तिला कुणीतरी सांगून ठेवलं होतं. चौघांत फरक एवढाच.

काय चालतं? हा तक्ता गल्ल्याजवळ चिकटवा

* दहाचं नाणं: वेगवेगळ्या नक्षीची आहेत. काहींवर रुपयाचं चिन्ह आहे, काहींवर नाही. दहा रेघांचं खरं आणि पंधरा रेघांचं खोटं, ही निव्वळ अफवा. जानेवारी २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेने पत्रक काढून सांगितलं की तोवर आलेल्या चौदाही नक्षींची नाणी वैध आहेत.

* विसाचं नाणं: बारा कडांचं. रुंदी दहाच्या नाण्याएवढीच, २७ मिलिमीटर, म्हणून गफलत होते. खूण सोपी आहे. दहाचं गोल असतं, बाहेरची कडा पिवळी आणि मधला भाग पांढरा. विसाच्यात रंग उलटे, कडा पांढरी आणि मध्ये पिवळं.

* हाताच्या चित्राची नाणी: मूठ म्हणजे आठ आणे, अंगठा म्हणजे एक रुपया, दोन बोटं म्हणजे दोन रुपये. नवीन मुलाला हे पहिल्याच दिवशी शिकवा.

* आठ आणे: हो, ५० पैशांचं नाणं आजही वैध आहे. चार आणे आणि त्याखालची नाणी मात्र ३० जून २०११ पासून बाद झाली.

* एक रुपयाची नोट: वर "भारत सरकार" लिहिलेलं असतं आणि सही वित्त सचिवांची असते, रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरची नाही. त्यामुळे मुलांना ती खोटी वाटते. ती अशीच असते. दोन आणि पाच रुपयांच्या जुन्या नोटाही वैध आहेत.

* नंबरात चांदणी असलेली नोट: छपाईत खराब झालेल्या नोटेच्या जागी ही घातलेली असते. पूर्ण वैध. जुलै २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने हे पुन्हा स्पष्ट केलं.

* दोन हजारांची नोट: १९ मे २०२३ ला ती व्यवहारातून काढून घेण्याची घोषणा झाली. कायद्याने ती बाद नाही, पण आता ती रिझर्व्ह बँकेच्या ठरावीक कार्यालयांतच जमा करता येते. आपल्याकडे मुंबई, बेलापूर आणि नागपूर. पोस्टानेही पाठवता येते. दुकानदाराने ती घेऊन डोक्याला ताप करून घेऊ नये, पण गिऱ्हाइकाला रस्ता जरूर सांगावा. घरात एखादी राहून गेलेली म्हातारी माणसं अजून भेटतात.

आता कुणी गोणीभर नाणी घेऊन आला तर? कायदा तुमच्या बाजूने आहे. २०११ च्या नाणे कायद्यानुसार एक रुपया आणि त्यावरची नाणी एका वेळी हजार रुपयांपर्यंतच्या रकमेसाठी कायदेशीर आहेत आणि आठ आणे दहा रुपयांपर्यंत. त्यापुढे नम्रपणे नाही म्हणता येतं. मावशींची चौदा नाणी म्हणजे एकशे चाळीस रुपये, मर्यादेच्या कितीतरी आत.

गल्ल्यावरच्या माणसाला शिकवायच्या चार गोष्टी

पहिली, सगळ्यांना एकच नियम. पाचशेची प्रत्येक नोट तपासायची, मग ती कुणाचीही असो. फक्त "संशयित" माणसाची नोट उजेडात धरली तर तो अपमान असतो. प्रत्येकाची धरली तर ती पद्धत असते.

दुसरी, शंका आली तर मालकाला विचारायचं, गिऱ्हाइकाची उलटतपासणी घ्यायची नाही. वाक्य पाठ करून घ्या: "एक मिनिट हं, मी हे पहिल्यांदा बघतोय, विचारून सांगतो." कमीपणा आपल्याकडे घ्यायचा, समोरच्याला द्यायचा नाही.

तिसरी, नाही म्हणायचं तर हळू आवाजात. नोट खरोखर खोटी वाटली तर "ही नको, दुसरी देता का?" एवढंच. समोरच्यालाही ती कुणीतरी टेकवलेली असू शकते. चुकून तुमच्या गल्ल्यात आलीच, तर ती दुसऱ्याला खपवायची नाही. माहीत असून खोटी नोट पुढे सरकवणं गुन्हा आहे. ती बँकेत दाखवायची.

चौथी गोष्ट तुमच्यासाठी, मालकांसाठी. पगारातून कापू नका. पद्धत पाळूनही चूक झाली तर तोटा दुकानाचा. पद्धत पाळली नाही तर बसून बोला, पुन्हा शिकवा. मुलाच्या डोक्यावर कपातीची तलवार ठेवलीत, तर तो तुमचा गल्ला सांभाळणार नाही. स्वतःचा पगार सांभाळेल. आणि त्यात त्याचं काही चुकत नाही.

"पण सर, साठलेल्या नाण्यांचं काय करू?"

हा खरा प्रश्न आहे. होलसेलवाला घेत नाही, बँक कुरकुर करते.

पहिला उपाय गल्ल्यातच आहे. सुट्टे नाहीत म्हणून गिऱ्हाइकाच्या हातावर चॉकलेट ठेवणारा आणि नाणी नाकारणारा दुकानदार बहुतेक वेळा एकच असतो! नाणी गल्ल्याच्या पुढच्या कप्प्यात ठेवा आणि सुट्टे देताना आधी तीच द्या. एकाने घेतली की दुसरा घेतो. गावात "चालत नाही" जसं पसरतं, तसं "चालतं" पण पसरतं.

तरीही उरली तर शंभर-शंभरची पाकिटं करा आणि बँकेत भरा. शाखांनी नाणी स्वीकारली पाहिजेत, अशा रिझर्व्ह बँकेच्या स्पष्ट सूचना आहेत. शंभरच्या पाकिटांमुळे कॅशियरचंही काम सोपं होतं. मला एका शाखेत सलग दोन दिवस "आज माणूस नाही" असं ऐकवलं होतं. तिसऱ्या दिवशी मी भांडलो नाही. "नाणी घेत नाही असं लेखी द्या" एवढंच म्हणालो. माणूस सापडला. तुमच्याकडे तसंही झालं नाही, तर बँकेकडे लेखी तक्रार करा. तीस दिवसांत दाद मिळाली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं.

मावशींचं पुढे काय झालं?

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बाजारात गेलो. राहिलेल्या वह्या बरोबर नेल्या होत्या. माफी मागितली, म्हटलं, "मुलाचं चुकलं नाही, माझं चुकलं. ती नाणी द्या, वह्या घ्या."

त्या म्हणाल्या, "वह्या घेतल्या मी पलीकडून. पोराने नाही म्हटलं त्याचं काही नाही हो. पण एवढ्या लोकांसमोर म्हटलं."

माझ्याकडे उत्तर नव्हतं. अर्धा किलो गवार घेतली. सुट्टे म्हणून त्यांनी मला दहाचं एक नाणं दिलं, मी घेतलं आणि परत आलो. त्या दुकानात पुन्हा आल्या नाहीत. त्यांच्या शेजारी बसणाऱ्या दोघी यायच्या, त्याही हळूहळू बंद झाल्या. मुलाचे कापलेले पाचशे मी त्याच आठवड्यात परत केले. ते परत करता आले. गिऱ्हाईक परत आणता आलं नाही.

गृहपाठ

१. या आठवड्यात विसाचं एक नाणं किंवा एक रुपयाची नोट मिळवा आणि ओळखीच्या कुणाला तरी तुमच्याच दुकानात गिऱ्हाईक म्हणून पाठवा. तुमचा माणूस काय म्हणतो ते शब्द न् शब्द लिहून ठेवा. त्याच्यावर ओरडू नका.

२. वरचा तक्ता मोठ्या अक्षरात लिहून गल्ल्याजवळ चिकटवा.

३. पगारातून कापण्याचा नियम असेल तर तो आजच बंद करा आणि बंद केला हे मुलाला तोंडाने सांगा.

काय अनुभव आला ते कमेंटमध्ये नक्की लिहा. पुढच्या व्हिडिओत मी ते वाचणार आहे. चला, भेटूया. गल्ला भरलेला राहो आणि गिऱ्हाईक हसत जावो!