हुकूम नको, विनंती करा

माझ्या संध्याकाळच्या वर्गाला परदेशी निघालेल्या नर्सेस येतात. व्याकरण पक्कं असतं त्यांचं, पण नाडी बघताना म्हणतात, "गिव्ह मी युवर हँड, प्लीज." चूक काहीच नाही; ऐकायला मात्र हुकूम वाटतो. मराठीत आपली अदब क्रियापदातच मुरलेली असते: दे, द्या, द्या ना, देता का. इंग्रजीतही एकेकाळी 'तू'साठी 'दाऊ' होता. १७व्या शतकात तो प्रमाण बोलीतून मागे पडला आणि लहानथोर सगळ्यांना एकच 'यू' उरला. मग अदब आणायची कुठून? प्रश्नातून. "कुड आय सी युवर हँड, प्लीज?" इथला 'कुड' दिसायला भूतकाळी, पण काळाशी त्याचं देणंघेणं नाही, समोरच्याला 'नाही' म्हणायची मोकळीक तेवढी तो ठेवतो. तसंच 'आय वॉन्ट'ऐवजी 'आयड लाइक'. आणि ते 'काइंडली डू द नीडफुल'? आपल्या कार्यालयीन पत्रांत ते अजून ठाण मांडून आहे. ब्रिटनमध्ये मात्र जुनाट वाटतं. उच्चारांची धास्ती तूर्त सोडा. आज जेवताना घरच्यांकडे पाणी मागताना 'कुड आय हॅव' म्हणून बघा. हसतील, हसू द्या.